अस्वल आणि आमची सही

लष्करच्या पाटणकर बाजारात आमचे घर आहे. नोकरीतील बदल्यांची वर्षे सोडली तर आमचे आयुष्य याच परिसरात गेले. बाजाराचे नाव मराठी, रस्त्यावरचे बोलणे हिंदी आणि काही घरांच्या माजघरात अजूनही मराठी, अशी ही आमची वस्ती. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी गडाच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. दौलतगंज, फालका बाजार, शिंदे की छावणी अशा नावांतून त्या खुणा आजही वाचता येतात. अशा जुन्या वस्तीत बातमी पायी चालत येते. कोणाकडे काय घडले हे वर्तमानपत्राच्या आधी कळते आणि ते खरे की खोटे हे सांगणारा कोण आहे यावरून ठरते. बातमीपेक्षा सांगणाऱ्याचे नाव मोठे, हा येथील जुना रिवाज. आज ज्या प्रसंगाविषयी लिहावयाचे आहे, त्याचे मूळ या रिवाजातच आहे.

आमच्या शाळकरी वयात, म्हणजे १९७०च्या दशकात, घरी अधूनमधून एक विचित्र पोस्टकार्ड येई. अमक्या देवस्थानात पुजाऱ्याला दृष्टान्त झाला, ही वार्ता ११ जणांना कळवावी. ज्याने कळवली त्याला लॉटरी लागली, ज्याने कार्ड फाडले त्याचा मुलगा आजारी पडला, असा त्यातील मजकूर. खाली सही नसे. वडील ते कार्ड वाचून बंबात टाकीत. आई काही बोलत नसे. मात्र रात्री निजानीज झाल्यावर कंदिलाची वात बारीक करून ती ११ कार्डे लिहीत बसे. आम्ही अंथरुणातून पाहत असू. ती भोळी होती असे आज म्हणवत नाही. घरात चार मुले होती. खोटे असले तर ११ कार्डांचे पैसे जातील, खरे असले तर मूल जाईल, असा तिचा साधा हिशेब होता. भीती घालणारी सगळी पत्रे याच हिशेबावर चालतात.

ही रीत त्या कार्डांहूनही जुनी आहे. १८५७च्या आरंभी, उठावाच्या आधी काही महिने, उत्तर हिंदुस्थानातील खेड्यांतून पोळ्या फिरल्या. एका गावच्या चौकीदाराने दुसऱ्या गावच्या चौकीदाराला पोळी द्यावी, त्याने तशाच आणखी भाजून पुढच्या गावांना द्याव्यात, असा तो क्रम होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी चौकश्या केल्या, परंतु पहिली पोळी कोणी भाजली याचा निर्णायक उलगडा झाला नाही. पोळीत चिठ्ठी नव्हती, चिन्ह नव्हते. ‘पुढे पाठवा’ एवढाच तिचा निरोप होता.

आमच्या घरी संगणक आला तो २००१च्या दिवाळीत. विंडोज ९८ प्रणालीचा तो जाडजूड संच बैठकीच्या खोलीत मानाने विराजमान झाला. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट जोडताना मोडेममधून निघणारी ती किरकिर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्या दिवसांचे वेगळे वर्णन करावयास नको. इंटरनेट चालू असले की घरचा फोन बंद. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींचा या यंत्रावर पहिल्या दिवसापासून राग होता. आम्हांला मात्र ई-पत्रांचे वेडच लागले होते. कचेरीतून आलो की रोज अर्धा तास आम्ही पत्रव्यवहारासाठी राखून ठेवीत असू.

२००२च्या मे महिन्यात आमच्या भाच्याचे ई-पत्र आले. भाचा अमेरिकेत संगणकाच्याच क्षेत्रात नोकरी करणारा, हुशार आणि जबाबदार. पत्र असे : एक नवा व्हायरस पसरत आहे. तो तुमच्या पत्त्यांच्या यादीतून आपोआप सर्वांकडे जातो. नॉर्टन, मॅकॅफी यांसारख्या व्हायरसविरोधी प्रणालींना तो सापडत नाही. तो १४ दिवस गप्प बसतो आणि मग यंत्र नष्ट करतो. संगणकात ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’ या नावाची फाइल शोधा. तिच्यासमोर लहानशा अस्वलाचे चित्र दिसेल. दिसले तर ती न उघडता पुसून टाका आणि आपल्या यादीतील प्रत्येकाला ताबडतोब कळवा.

आम्ही धडधडत्या अंतःकरणाने शोध घेतला आणि खरोखरच ते अस्वल सापडले! राखाडी रंगाचे, खेळण्यातले वाटावे असे. एवढा प्रत्यक्ष पुरावा डोळ्यांसमोर असताना शंका कोण घेणार? आम्ही अस्वल पुसले आणि पत्र पुढे पाठवण्यास बसलो.

येथे आमच्यातील अधिकारी जागा झाला. नुसते पत्र पुढे ढकलणे आम्हांला बरे दिसेना. वर ‘अत्यंत तातडीचे’ असा मथळा घातला. ‘मी स्वतः पडताळून पाहिले आहे, आपणही विनाविलंब कार्यवाही करावी,’ असे एक वाक्य पदरचे जोडले. शेवटी पूर्ण नाव, हुद्दा आणि खाते लिहून ३४ पत्त्यांवर पत्र रवाना केले. त्या रात्री समाजाची सेवा घडल्याच्या समाधानात आम्हांला उत्तम झोप लागली.

त्या ३४ जणांत आमचे मराठीचे शिक्षक होते. पाटणकर बाजारातच राहत. साऱ्या वस्तीचे ते अण्णा. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतले होते. लष्करातील जुन्या मराठी घरांत जाऊन ते वृद्ध माणसांच्या आठवणी ऐकत : कोणत्या वाड्यात कोण राहिले, गणपतीत कोठे कोणाचे कीर्तन झाले, संस्थान विलीन झाले त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाही, अशा गोष्टी. ऐकताना वहीत चार शब्द टिपत आणि घरी येऊन सविस्तर लिहीत. पुण्याच्या मुलाने आपला जुना संगणक आणून दिल्यापासून ते सारे लेखन एका बोटाने टंकित करू लागले होते. दीड-दोन वर्षांत १६० पाने झाली होती. कागदावरचे सविस्तर लेखन त्यांनी थांबवलेच होते. वहीत टिपण आणि संगणकात लेख, अशी त्यांची नवी शिस्त होती.

अण्णांनी आमचे पत्र वाचले. अस्वल शोधले, सापडले, पुसले. परंतु १४ दिवसांची ती अट त्यांच्या मनातून जाईना. आपल्या यंत्रात तो कधी शिरला असेल? आजचा तेरावा दिवस तर नसेल? लेखनाच्या काळजीने त्यांना दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला बोलावले. त्याने पत्र वाचून ‘पूरा साफ करवा लीजिए बाबूजी’ असा सल्ला दिला. काही ठेवायचे आहे का, असेही विचारले. अण्णांनी टेबलाच्या खणातील दोन फ्लॉप्या दाखवल्या. सगळे यांत उतरवून ठेवले आहे अशी त्यांची समजूत होती. मुलाने तासाभरात यंत्र कोरे करून दिले. नंतर कळले की एका फ्लॉपीवर पहिली दोन प्रकरणे होती आणि दुसरी वाचताच येत नव्हती.

इकडे चौथ्या दिवशी भाच्याचे दुसरे पत्र आले. मामा, ते सगळे खोटे होते, माफ करा. ते अस्वल विंडोज प्रणालीचाच एक भाग आहे. जावा भाषेत कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या उपयोगाची ती एक निरुपद्रवी फाइल; इतरांना तिची गरजही पडत नाही. पुसली तरी बहुतेकांचे काही बिघडत नाही. ते वाचून प्रथम आम्हांला हसू आले. ३४ जणांना दुरुस्तीचे पत्र पाठवले आणि अण्णांकडे तर दोन गल्ल्या चालत जाऊनच सांगू, म्हणून चप्पल पायात घातली.

‘अण्णा, ते पत्र खोटं होतं,’ आम्ही हसत सांगितले.

अण्णा संगणकासमोर बसले होते. पडदा रिकामा होता. त्यांनी काय झाले ते शांतपणे सांगितले. आम्ही काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नाही. काकूंनी चहा आणून ठेवला तो तसाच निवला. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, ‘अरे, मी पुण्याला फोन करून मुलाला विचारणार होतो. पण खाली तुझी सही होती. म्हणून मग कोणाला विचारलंच नाही.’

त्यांच्या स्वरात दोष नव्हता. शिष्याने निबंधात केलेली चूक दाखवावी तसे ते बोलले. आम्हांला मात्र त्या दिवशी पुरते उमगले की अस्वलाने कोणाचेही काही बिघडवले नव्हते. बिघडवले ते आमच्या सहीने.

पुढे आम्ही या विषयाचे जमेल तेवढे वाचन केले. प्रायश्चित्त म्हणा हवे तर. खरे व्हायरस अर्थातच होते आणि आहेत. व्यक्तिगत संगणकांवर पसरलेल्या आरंभीच्या व्हायरसांपैकी ‘ब्रेन’ हा १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. ६ मार्च ही तारीख उजाडली की माहिती नष्ट करणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ने १९९२ साली जगभर धास्ती निर्माण केली. अशा व्हायरसांवर तोडगे काढणाऱ्यांत आपली मराठी माणसेही होती. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर हे दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करीत. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारी यंत्रे व्हायरसने बिघडलेली असतात असे दिसल्यावर संजय यांनी उपायाच्या प्रणाली लिहिल्या आणि १९९०च्या दशकाच्या मध्यास त्यांतून ‘क्विक हील’ उभे राहिले. रोग पाहावा, त्याचे कारण शोधावे आणि मग औषध द्यावे, हा त्यांचा मार्ग. आमचा मार्ग नेमका उलटा होता : रोग न पाहता औषध वाटणे.

खोट्या व्हायरसांचा इतिहासही तेवढाच जुना आहे. १९९४च्या अखेरीस अमेरिकेत ‘गुड टाइम्स’ नावाची अफवा निघाली. या शीर्षकाचे पत्र नुसते उघडले तरी संगणकातील सर्व माहिती पुसली जाईल, असा तो इशारा. त्या काळी साध्या अक्षरांचे पत्र वाचल्याने असे काही होणे शक्यच नव्हते. तरीही ती अफवा कित्येक वर्षे फिरत राहिली. व्हायरसने भरायच्या पेट्या त्याच्याविषयीच्या इशाऱ्यांनीच भरून गेल्या. २००१ साली ‘एसयूएलएफएनबीके’ नावाच्या, विंडोजमधीलच एका उपयुक्त फाइलला लोकांनी असेच व्हायरस समजून पुसले. २००२ साली आमचे अस्वल आले. या दोन्हींची युक्ती एकच. जी वस्तू प्रत्येकाच्या घरी असतेच, ती चोराची खूण म्हणून सांगायची. तुमच्या स्वयंपाकघरात पोळपाट आढळल्यास चोर शिरला आहे असे समजा, असे कोणी कळवावे आणि आपण पोळपाट हातात धरून थरथरावे, तसा तो प्रकार. पुरावा सापडणारच होता, कारण तो आधीपासून तेथेच होता.

याच काळात ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून ‘आय लव्ह यू’ हा खराखुरा उपद्रव सुटला. ओळखीच्या माणसाकडून प्रेमपत्र आल्याचे भासे. सोबतची फाइल साधा मजकूर असल्यासारखी दिसे, कारण तिच्या नावाचे शेवटचे टोक विंडोज प्रणाली लपवीत असे. उघडली की ती यादीतील सर्वांना स्वतःच रवाना होई आणि यंत्रातील फाइली बिघडवी. खरा असो वा खोटा, दोघांचे वाहन एकच होते : ओळखीच्या माणसाचे नाव. फरक इतकाच की खऱ्याला ते नाव चोरावे लागे. खोट्याला आमच्यासारखे लोक ते आपण होऊन देत.

सर्वांत लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. कचेरीत कागद आला की आवक लिपिक काय पाहतो? पत्र कोणाचे, तारीख कोणती, जावक क्रमांक काय, सही कोणाची. यांतले एक नसले तर तो कागद वर सरकत नाही. निनावी अर्ज नस्तीबद्ध होतो. दुसऱ्या कार्यालयाच्या आदेशाचा नुसता हवाला असेल तर मूळ आदेशाची प्रत मागवली जाते. दिवसभर या नियमाने वागणारे आम्ही घरी येऊन ज्या पत्रावर कार्यवाही केली, त्यात काय होते? भाच्याला ते मित्राकडून आले होते, मित्राला आणखी कोणाकडून; मूळ लेखक कोठेच नव्हता. तारीख नव्हती, ‘कालच कळले’ असे होते, आणि म्हणून ते पत्र कधीच शिळे होत नव्हते. मोठ्या कंपन्यांचा हवाला होता, पण त्यांचे मूळ निवेदन नव्हते. आणि शेवटी आदेश होता : सर्वांना कळवा. ३० वर्षांहून अधिक सेवेत आम्ही असंख्य परिपत्रके वाचली. ‘आपल्या ओळखीच्या प्रत्येकास पाठवावे’ असे वाक्य एकाही परिपत्रकात आढळले नाही. ते वाक्य हीच खोट्या कागदाची खूण आहे, हे कळण्यास आम्हांला १६० पानांची किंमत पडली. तीही दुसऱ्याच्या.

ई-पत्रे मागे पडली आणि भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या हाती आले, तेव्हा वाटले होते की लोक एव्हाना शहाणे झाले असतील. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे जे घडले, त्याने तो भ्रम फिटला. मुले पळवणाऱ्या टोळ्या फिरत आहेत, असे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून सर्वत्र फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी तेथे आलेल्या पाच जणांवर जमावाने संशय घेतला. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातील, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्यांना मारून मारून ठार केले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. यंत्राने हात आखडला, ते बरेच झाले. परंतु तो संदेश पुढे पाठवणाऱ्या हजारोंपैकी बहुतेक जण दुष्ट नसणार. आमच्या आईसारखेच, घरातल्या मुलांच्या काळजीने पाठवणारे ते असणार, आणि आमच्यासारखेच त्या रात्री समाधानाने झोपले असणार. हा विचार मनात आला की आजही अस्वस्थ व्हायला होते.

आता संकट थेट आमच्या शहरात आले आहे. नाव ‘डिजिटल अरेस्ट’. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या एका निरीक्षकांना २०२४च्या डिसेंबरात भामट्यांनी सुमारे महिनाभर फोनच्या पडद्यासमोर जणू कोठडीत ठेवले आणि त्यांच्याकडून सुमारे ७१ लाख रुपये उकळले. २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये शहरातील एका आश्रमाच्या सचिवपदावरील संन्याशांना असेच २६ दिवस धाकात ठेवून सुमारे अडीच कोटी रुपये लुबाडले गेले. एक शस्त्रधारी दलातला अधिकारी, दुसरा संसार सोडलेला संन्यासी. अशी माणसे फसू शकतात तर ‘आम्ही नाही फसणार’ असे कोणीही म्हणू नये. समोर गणवेशातला माणूस दिसतो, मागे शासनाचे बोधचिन्ह दिसते, आणि ‘कोणालाही सांगू नका’ असा हुकूम सुटतो. जुने पत्र म्हणत असे सर्वांना सांगा. नवा भामटा म्हणतो कोणालाच सांगू नका. दोन्हींचा हेतू एकच : तुम्ही एका शहाण्या माणसाला विचारू नये.

येथे एक गोष्ट अधिकारवाणीने सांगतो, कारण आयुष्यभर शासनाचा कागद हाताळला आहे. फोनच्या पडद्यावरून अटक करण्याची तरतूद आपल्या कोणत्याही कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, आयकर खाते किंवा न्यायालय चौकशीसाठी तुमचे पैसे ‘तपासणी खात्यात’ भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असेच सांगितले होते. असा फोन आला तर तो बंद करावा. बंद केल्याने गुन्हा होत नाही. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगावे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात स्वतः जाऊन विचारावे. पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळण्यापूर्वी ते गोठवता आले तर आले.

संगणक आणि फोन यांच्याबाबत आम्ही काही सवयी लावून घेतल्या आहेत. त्यांत विद्वत्ता काही नाही. रात्री दाराला कडी घालण्याइतक्या त्या साध्या आहेत. अनपेक्षित आलेली फाइल, मग ती सख्ख्या भावाकडून का असेना, त्याला फोनवर विचारल्याखेरीज उघडत नाही. हल्ली लग्नपत्रिकेच्या नावाने ‘एपीके’ असे टोक असलेल्या फाइली येतात. पत्रिका म्हणून उघडले की फोनमध्ये परका माणूस शिरलाच. यंत्र नवी सुधारणा मागते तेव्हा ‘नंतर’ म्हणत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर रुग्णालयांपासून कारखान्यांपर्यंत यंत्रे बंद पाडली, ज्या भगदाडातून ते शिरले, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांना भोगावे लागले. बँकेचा, पत्रांचा आणि अन्य कामांचा परवलीचा शब्द आम्ही वेगवेगळा ठेवतो आणि जेथे दुहेरी पडताळणीची सोय आहे तेथे ती चालू ठेवतो. पैसे घेण्यासाठी आपला गुप्त आकडा कधीच द्यावा लागत नाही, हे आमच्या सौभाग्यवतींनी आता शेजारच्या चार घरांत शिकवले आहे. यंत्रावरचा त्यांचा जुना राग असा सत्कारणी लागला.

आणि सर्वांत मोठी सवय प्रतींची. जे एकाच ठिकाणी आहे ते नाही असेच समजावे. दर महिन्याच्या एक तारखेला, पूर्वी जेव्हा पगार होत असे त्या दिवशी, आम्ही सर्व लेखनाची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. दुसरी प्रत मुलाच्या घरी असते. प्रत केल्यावर ती उघडून पाहतो. अण्णांच्या दुसऱ्या फ्लॉपीने हे शिकवले की प्रत असणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे. यंत्र कोरे करायचे असा सल्ला कोणी दिला, तर प्रत हातात आल्यावाचून त्याला हात लावू देत नाही. आपल्या मंडळाच्या पत्रिकेच्या जुन्या अंकांचे काय, हा प्रश्नही या निमित्ताने सभासदांपुढे ठेवतो. ते एकाच कपाटात किंवा एकाच संगणकात असतील तर येत्या बैठकीत त्याचा विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे.

पुढे पाठवण्याबाबत आमचा नियम एवढाच आहे : ज्याखाली आपण कागदावर शाईने सही करणार नाही, ते बोटानेही पुढे पाठवायचे नाही. या नियमामुळे आमचे संदेश फार कमी झाले. नातेवाईक म्हणतात, तुम्ही गटात आहात की नाही हे कळतच नाही. आम्हांला त्याचे वाईट वाटत नाही.

अण्णांनी नंतर पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न केला. परंतु ज्यांनी आठवणी सांगितल्या होत्या त्यांतील बरेच जण तोवर गेले होते, आणि जे होते त्यांना सगळे पहिल्यासारखे आठवत नव्हते. ४० पाने झाली आणि हात थांबला. २००९ साली अण्णा गेले. काकूंनी त्यांच्या टिपणांच्या सात वह्या आमच्या स्वाधीन केल्या. ‘त्यांची इच्छा होती, तुझ्याकडे द्याव्यात अशी,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या घटनेनंतरही अण्णांनी वह्या आमच्याकडेच द्याव्यात, याचा अर्थ लावण्याचे धैर्य आम्हांला अद्याप झालेले नाही.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही त्या वह्या टंकित करावयास घेतल्या आहेत. अण्णांचे अक्षर सुंदर आहे, वाचावयास अडचण पडत नाही. अडचण वेगळीच आहे. एका पानावर लिहिले आहे : ‘विहिरीवरचा तंटा. दोन जावा. हत्ती दारातून परत.’ ती विहीर कोणत्या वाड्यातली, त्या जावा कोण, आणि हत्ती कोणाच्या दारातून परत गेला, हे सांगणारे आता पाटणकर बाजारात कोणी उरलेले नाही. आम्ही ती ओळ आहे तशी उतरवून घेतो, तीन प्रती करतो आणि पान उलटतो.